तुझ्या रात्रीच्या मेसेजचं उत्तर (लांबलंय जरा)

सोन्या,

तुझा मेसेज वाचला. रात्री पावणेदोनला पाठवलायस म्हणजे झोपेचं काय चाललंय ते कळलंच. फोन केला असता तर तू "हो आई, बरं आई" करत दोन मिनिटांत उरकलं असतंस, शिवाय सूनबाई शेजारी असणार, म्हणून लिहितेय. टाईप करायला मला वेळ लागतो, अनुस्वार इकडेतिकडे झाले तर चालवून घे.

तू विचारलंयस, "मी तिला फसवतोय का गं?" लग्नाला दोन वर्षं होत आली, बायको चांगली आहे, भांडणतंटा नाही, आणि तरी ती कॉलेजमधली मुलगी डोक्यातून जात नाही. आठवण येते म्हणून कोणी कोणाला फसवत नाही रे. आठवण काय विचारून येते का. फसवणं सुरू होतं ते तिच्यासाठी घरात एक कप्पा करून त्याला कुलूप लावलं की, आणि ते तू करायला लागलायस असं मला वाटतंय म्हणून हे एवढं रामायण.

आता एक गोष्ट सांगते जी तुला माहीत नाही. बाबांना विचारूनच सांगतेय, पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "सांग की, आता काय लपवायचंय."

बाबा शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. करत होते तेव्हा, १९८२-८३ ची गोष्ट, त्यांचं एका बेळगावच्या मुलीवर प्रेम होतं. तिचंही होतं. जात वेगळी, दोन्ही घरांतून विरोध, नेहमीचंच, आणि तिच्या वडिलांनी वर्षाच्या आत तिचं लग्न लावून दिलं. १९८७ ला आमचं झालं. मला कोणी काही बोललं नाही, पण बेळगावला यांची आत्या राहायची, वर्षातून एकदा आम्ही जायचो, तर एसटी निपाणीपर्यंत नीट, गप्पा वगैरे, आणि संकेश्वर मागे पडलं की यांचं बोलणं बंद. खिडकीबाहेर बघत बसायचे. मी आपली समजायचे की गाडी लागते. परत येताना न चुकता कुंद्याचा पुडा घ्यायचे, घरी आल्यावर माझ्यासमोर ठेवायचे आणि स्वतः बोट लावायचे नाहीत, म्हणे मला गोड फार चालत नाही. होळीला तीन पुरणपोळ्या तुपात बुडवून खाणारा माणूस!

तर एकदा मी सरळ विचारलं, त्या कुंद्यात काय आहे ते सांगा. आधी उडवून लावलं आणि मग त्या संध्याकाळी सगळं सांगितलं, नाव, गाव, निळी अंतर्देशीय पत्रं, आणि ती पत्रं ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये अजून आहेत हेही. तुला वाटेल मला प्रेमाचं वाईट वाटलं. नाही. पंचविशीतल्या माणसाचं आधी कुणावर प्रेम नव्हतं असं समजायला मी काय कुक्कुलं बाळ होते का. मला झोंबलं ते ड्रॉवरचं. माझ्याशी संसार करणारा माणूस रोज सकाळी डबा घेऊन जिथे जातो तिथे एक बाई त्याची वाट बघत बसलीय, ती कधी म्हातारी होत नाही, तिला कधी ताप येत नाही, ती कधी म्हणत नाही की गॅस संपलाय. तिच्याशी मी कशी पुरी पडणार? बरेच दिवस मी धड बोलले नाही यांच्याशी. पण नंतर काय झालं माहितेय का, आमच्या घरात तिचं नाव घेतलं जायला लागलं. मीच घ्यायला लागले. भाजीत मीठ जास्त झालं की म्हणायचे, बेळगावला बरं असतं नाही हो मीठ? पहिल्यांदा यांचा चेहरा पडला, मग हसायला लागले, आणि पुढच्या खेपेला आणलेला कुंदा दोघांनी मिळून संपवला. पत्रांचं काय केलं ते मी विचारलं नाही.

हे तेव्हा माझ्या हातून आपोआप झालं, त्याला शास्त्राचा आधार आहे हे मला नंतर कळलं. जन्मभर अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवलंय, त्यामुळे थोडं लेक्चर ऐकून घे. औषध घेताना माकड आठवायचं नाही असं वैद्य सांगतो आणि मग प्रत्येक घोटाला माकड येतं, ही गोष्ट तुला लहानपणी सांगितलीय मी. डॅनियल वेग्नर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये हेच प्रयोग करून दाखवलं, मुलांना सांगितलं की पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आला तर घंटा वाजवायची, आणि घंटा वाजतच राहिली. याच माणसाने पुढे १९९४ मध्ये सहकाऱ्यांबरोबर जुन्या प्रेमांवर काम केलं. तर लोकांच्या डोक्यात अजून घोळणारी प्रेमं बघितली तर त्यांत चोरून केलेल्यांचं प्रमाण जास्त निघालं. लपवायचं म्हटलं की मन सारखं राखण करत बसतं, आणि राखण करायची तर सारखं बघावंच लागतं ना तिकडे.

तुझं तर सगळंच चोरून होतं. तेव्हा आमच्यापासून, आता सूनबाईपासून.

आणि दुसरं, तू लिहिलंयस की तिच्याबरोबर सगळं "किती सोपं होतं". माझी तर हसून पुरेवाट झाली, सॉरी. थर्ड इयरला तू रात्री-अपरात्री मला फोन करायचास, सबमिशनचं टेन्शन आहे म्हणायचास आणि आवाज रडून बसलेला. सबमिशनसाठी कोणी असं रडत नाही रे! तिने तीन-तीन दिवस उत्तर द्यायचं नाही, तू जेवायचं नाहीस, मेसवाल्या मावशींनी तुझ्या रूममेटकडून मला निरोप पाठवला होता. ते सगळं कुठे गेलं? बार्टलेट नावाच्या इंग्रज प्रोफेसरने १९३२ मध्येच लिहून ठेवलंय की आठवण जशीच्या तशी ठेवलेली नसते, दरवेळी आपण ती नव्याने रचतो आणि आपल्या सोयीने काय काय गाळतो. तू तीन दिवसांचे अबोले गाळलेस आणि सिंहगडावरचं पिठलं-भाकरी तेवढं ठेवलंस.

सिंहगडावरून आठवलं. सूनबाई मागे म्हणाली की पुण्यात राहून हा मला एकदाही सिंहगडावर घेऊन गेला नाही, म्हणतो गर्दी असते. मी गप्प बसले. जा तिला घेऊन. पहिल्यांदा पोटात कालवेल, जाऊ दे कालवेल तर, दह्याचं मडकं घे, बायकोला चढताना दम लागेल ती कुरकुर करेल, फोटो काढ. गड टाळून टाळून तू तो त्या मुलीच्या नावावर करून टाकलायस, सातबारा काय तिचा आहे का.

फोनचंही बघ. आमच्या वेळी पत्र बघायला ड्रॉवर उघडायला लागायचं, तुमचा फोन स्वतःच उघडून दाखवतो. फेसबुकने २०१५ मध्ये ते "आजच्या दिवशी" सुरू केलं, गूगल फोटोजचंही तेच, सकाळी सकाळी दात घासताना आठ वर्षांपूर्वीचा चेहरा समोर. गूगल फोटोजच्या सेटिंगमध्ये मेमरीजमध्ये जाऊन ठराविक माणसाचा चेहरा लपवता येतो, मी तुझ्या आत्याला करून दिलंय, काकांच्या फोटोने तिला रोज रडू यायचं. फोटो डिलीट कर असं मी म्हणत नाही. डिलीट केलं की माणूस दुसऱ्या दिवशी ट्रॅश उघडून बसतो. आणि तिचं इन्स्टा बघणं बंद. "सहज हाय म्हटलं" वगैरे तर अजिबात नाही, त्या सहजमधलं काहीही सहज नसतं, आणि ती बिचारी तिच्या संसारात असेल, तिला कशाला तुझ्या रात्री पावणेदोनच्या भानगडीत ओढतोस.

सूनबाईला सांग. पण मन हलकं करायला म्हणून सगळी गोणी तिच्या अंगावर ओतू नकोस, काही पुरुषांना ते करून फार प्रामाणिक वाटतं. एक मुलगी होती, एवढी वर्षं होतं, मोडलं, अजून कधीकधी आठवतं आणि मला तुझ्यापासून लपवायचं नाही, एवढं पुरे. कुठे भेटायचो, काय बोलायचो, हे तिने विचारलं तरी बेताने. तुलना तर चुकूनही नको, "पण तू तिच्यापेक्षा चांगली आहेस" हीसुद्धा तुलनाच असते हे लक्षात ठेव. रात्री झोपताना सांगू नकोस, गाडी चालवतानाही नको. शनिवारी सकाळी चहा झाल्यावर सांग, म्हणजे चिडायला, रडायला तिला दोन दिवस हाताशी मिळतील.

आणि हे सगळं करूनही झोप येत नसेल, जेवणखाण तुटलं, ऑफिसात लक्ष लागेना, तर मग तो नुसता आठवणींचा प्रश्न नाही, डॉक्टरांकडे जायचं. सरकारचा टेली-मानस म्हणून १४४१६ नंबर आहे, २०२२ पासून, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. लाज वाटायचं काही कारण नाही, मी माझ्या विद्यार्थ्यांना सर्रास देते हा नंबर.

बाबा विचारतायत की एवढं काय लिहितेयस. त्यांचं म्हणणं, त्याला एवढंच सांग की सांगून टाक म्हणावं, पोरगी शहाणी आहे. पोरगी शहाणी आहेच, पण शहाण्या बायकांनाही राग येतो, तेव्हा तिने चिडून मला फोन केला तर मी तिच्याच बाजूने बोलणार आहे, हे आधीच सांगून ठेवते. नंतर म्हणू नकोस आई पलटली.

आई