गप्पांना तासभर तरी द्या

महोदय,
छायाचित्रकारावरचा माहितीपट आणि त्यानंतर त्यांच्याशी गप्पा, असे कार्यक्रम कोल्हापुरात होतात याचा आनंद आहे. पण पडद्यावरचे संपले की सत्कार, हार-तुरे, मनोगते सुरू होतात आणि प्रश्नांना वेळच उरत नाही. परवा एक ज्येष्ठ छायाचित्रकार डार्करूममधल्या लाल दिव्याखाली, डेव्हलपर या रसायनाच्या ट्रेमध्ये कोऱ्या फोटो-कागदावर आधी डोळे, मग चेहरा कसा उमटायचा ते सांगू लागले आणि तेवढ्यात आभारप्रदर्शन सुरू झाले! बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा तयार करून 'सैरंध्री' (१९२०) हा मूकपट काढला, ते हे गाव. इथल्या पोरांना हे तंत्र ऐकायचे असते. सत्कार आधीच उरकावेत. शिवाय २०१९ च्या महापुरातून वाचलेल्या जुन्या निगेटिव्हही अशा वेळी मांडाव्यात.

– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर