गुन्ह्यांच्या बातमीसोबत दरही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या सत्तरी ओलांडलेल्या आईने संध्याकाळचे फिरणे बंद केले आहे. कारण, मोबाइलवर आलेली सोनसाखळी चोरीची चित्रफीत. ती दुसऱ्याच राज्यातली आणि तीन वर्षांपूर्वीची निघाली. तरी आईचे म्हणणे एकच, "दिवस वाईट आलेत." म्हणून हे पत्र.

अमेरिकेत १९९३ ते २०२२ या काळात पोलिसांकडे नोंदलेल्या हिंसक गुन्ह्यांचे लोकसंख्येशी असलेले प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. याच काळात गॅलप ही संस्था लोकांना विचारत आली, की गेल्या वर्षीपेक्षा देशात गुन्हे वाढलेत का? बहुतेक वेळा निम्म्याहून अधिक लोकांनी 'वाढलेत' असेच सांगितले. स्वतःच्या परिसराबद्दल विचारले की मात्र असे म्हणणारे बरेच कमी होतात. रोज ज्या रस्त्याने आपण ये-जा करतो त्याची भीती कमी वाटते. जो कधी पाहिलाच नाही त्याची जास्त.

याला बातमीदारीची पद्धतही कारण आहे. खून एकच असतो, पण घटना, अटक, आरोपपत्र, जामीन, निकाल अशा त्याच्या पाच बातम्या होतात आणि वाचणाऱ्याच्या मनात पाच खून जमा होतात. शिवाय 'गुन्हे दुप्पट' असा मथळा दोनाचे चार झाले तरी देता येतो.

लोकांची भीती खोटी, असे मी म्हणत नाही. २०२० मध्ये अमेरिकेतले खून एका वर्षात सुमारे ३० टक्क्यांनी वाढले, तेव्हा लोकांना वाटत होते ते खरेच होते. पोलिसांचे आकडेही जपून वाचावे लागतात. तक्रार घेतली जाईल असा विश्वास बसला की अधिक बायका पुढे येतात, नोंदी वाढतात, आणि ती वाढ चांगली असते. म्हणूनच इंग्लंड-वेल्समध्ये १९८२ पासून थेट घरोघरी विचारतात: तुमच्याबाबतीत काय घडले, मग तक्रार केलेली असो वा नसो. त्या पाहणीनुसार १९९५ नंतर घरफोडी, वाहनचोरी, मारहाण खूप घटली. आज तिथे सर्वांत मोठा वाटा फसवणुकीचा आहे. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण आपण दाराला दुसरे कुलूप लावतो आणि फोनवरच्या गोड बोलणाऱ्याला ओटीपी सांगून बसतो.

माझी विनंती एवढीच. गुन्ह्यांच्या वाढीची बातमी देताना दर लाख लोकसंख्येमागचा आकडा आणि मागच्या दहा वर्षांचा आलेख सोबत द्यावा. जुनी चित्रफीत फिरू लागली तर ती कधीची, कुठली, हे तितक्याच ठळकपणे छापावे. आई आपले वर्तमानपत्र रोज पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते.

आपली नियमित वाचक