लाँगस्ट्रीटला दोषी कोणी ठरवले?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकन यादवी युद्धातील सेनापतींवर आलेला लेख एका बैठकीत वाचून काढला. लेखकाची शैली ओघवती आहे आणि लढायांची वर्णनेही चांगली उतरली आहेत. तक्रार आहे ती माणसांच्या चित्रणाबद्दल. फुटून निघालेल्या दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली म्हणजे पराभूत संत, उत्तरेचा सेनापती ग्रँट म्हणजे दारुडा आणि आपलीच माणसे कापून काढणारा खाटीक, लाँगस्ट्रीट म्हणजे गेटिसबर्गची लढाई घालवणारा नतद्रष्ट. ही तिन्ही चित्रे लेखात कसलीही शंका न घेता आली आहेत. ती बहुतांशी युद्ध संपल्यावर, भाषणांतून आणि मासिकांतून रंगवली गेली, आणि रंगवणाऱ्यांना त्यात आपापले हिशेब चुकते करायचे होते. लेखात याचा उल्लेखही नाही, म्हणून हे पत्र.

लाँगस्ट्रीटचेच प्रकरण घ्या. जेम्स लाँगस्ट्रीट हा लीचा सर्वांत ज्येष्ठ सहकारी. १८६३च्या जुलैत गेटिसबर्गला दक्षिणेचा पराभव झाला, त्या तीन दिवसांत त्याने लीच्या योजनेला विरोध केला होता, हे खरे आहे. समोरच्या टेकडीवर थेट चाल करू नये, शत्रूच्या बगलेवरून वळसा घ्यावा, असे त्याचे मत होते. लीने ते मानले नाही. ३ जुलैला पिकेट या दक्षिणी सेनानीची प्रसिद्ध चढाई झाली आणि तासाभरात मोडली. परतणाऱ्या सैनिकांना सामोरे जाऊन लीने दोष स्वतःकडे घेतला, आणि महिन्याभराने दक्षिणेचा अध्यक्ष डेव्हिस याच्याकडे राजीनामाही देऊ केला. लाँगस्ट्रीटला त्याने शिक्षा केली नाही की बाजूला सारले नाही. १८६५च्या एप्रिलमध्ये व्हर्जिनियातील ॲपोमॅटॉक्सला लीने ग्रँटपुढे शरणागती पत्करली, तेव्हाही तो लीच्या सोबत होता. युद्धाच्या काळात गेटिसबर्गचे खापर त्याच्यावर फोडावे, असे लीला तरी वाटलेले दिसत नाही.

मग हे आले कुठून? १८६७ साली लाँगस्ट्रीटने न्यू ऑर्लीन्सच्या वृत्तपत्रांतून जाहीर पत्रे लिहिली. आपण हरलो आहोत, तेव्हा विजेत्यांनी घातलेल्या अटी आणि कृष्णवर्णीयांचा मताधिकार मान्य करावा, असा त्यांचा आशय होता. पुढे तो विजेत्यांच्या रिपब्लिकन पक्षात गेला आणि जुना मित्र ग्रँट राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्याने सरकारी पदही घेतले. दक्षिणेतल्या त्याच्या जुन्या सोबत्यांच्या लेखी हा सरळसरळ द्रोह होता. १८७०मध्ये ली वारला. साक्ष देऊ शकणारा मुख्य माणूस गेला आणि रान मोकळे झाले. जानेवारी १८७२मध्ये लीच्या जयंतीला दक्षिणी फौजेतलाच जनरल जुबल अर्ली याने भाषण करून गेटिसबर्गचा ठपका लाँगस्ट्रीटवर ठेवला. पुढच्या वर्षी लीच्या तोफखान्याचा प्रमुख पेंडलटन याने तर २ जुलैला सूर्योदयालाच हल्ला करण्याचा हुकूम लाँगस्ट्रीटला होता, असे सांगून टाकले. लाँगस्ट्रीटने लीच्या खाशा अधिकाऱ्यांना पत्रे लिहून विचारले. असा कोणताही हुकूम आपल्याला माहीत नाही, अशी त्यांची उत्तरे आली. तोवर गोष्ट घरोघरी पोचली होती.

हा अर्ली कोण, हेही लेखात यायला हवे होते. गेटिसबर्गच्या पहिल्या संध्याकाळी सिमेट्री हिल ही टेकडी घेण्याची संधी हुकली, आणि त्या बाजूला जे सेनानी होते त्यांत अर्ली होता. मार्च १८६५मध्ये लीने स्वतः त्याला सेनापतिपदावरून दूर केले. युद्धानंतर तो मेक्सिको, क्युबा, कॅनडा असा फिरला. परत आल्यावर लुइझियाना राज्याच्या लॉटरीच्या सोडतींवर देखरेख करण्याचे काम त्याने बोरेगार्ड या दुसऱ्या दक्षिणी जनरलसह पगार घेऊन केले. असा माणूस एका इतिहास संस्थेचा अध्यक्ष होतो आणि कोणता सेनापती थोर, कोणता नालायक, हे ठरवतो! ज्या लीने त्याला काढले, त्याच लीच्या पावित्र्याचा तो राखणदार बनला. माणसाच्या स्वभावाचा हा नमुना मला तरी लढायांच्या नकाशांपेक्षा अधिक रंजक वाटतो.

१८७४च्या सप्टेंबरमध्ये न्यू ऑर्लीन्सच्या रस्त्यांवर गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी लढणाऱ्या ‘व्हाइट लीग’च्या सशस्त्र जमावाने राज्य सरकार उलथवण्यासाठी उठाव केला. त्यांच्यासमोर पोलीस आणि बहुतांशी कृष्णवर्णीय मिलिशिया घेऊन उभा राहिला तो लाँगस्ट्रीटच. त्यात तो जखमी होऊन पकडलाही गेला. जमावात त्याच्याच बाजूने लढलेले जुने सैनिक होते. यानंतर त्याला दक्षिणेत क्षमा नव्हती. १९०४मध्ये तो वारला, आणि गेटिसबर्गच्या रणभूमीवर त्याचा पुतळा उभा राहायला १९९८ साल उजाडले. लीचा तिथला भव्य पुतळा तोवर ऐंशी वर्षांचा झाला होता.

ग्रँटबद्दल थोडक्यात. १८६४मध्ये हजारो माणसे खर्ची घालणाऱ्या कोल्ड हार्बरच्या लढाईतील अखेरच्या हल्ल्याचा आपल्याला कायम पश्चात्ताप वाटत आला, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. ‘खाटीक’ म्हणवला गेलेला माणूस असे लिहितो. ज्या लीला कोणी खाटीक म्हणत नाही, त्याने गेटिसबर्गच्या तीन दिवसांत आपल्या फौजेचा सुमारे एक तृतीयांश भाग मृत, जखमी आणि बेपत्ता अशा रूपात गमावला. १८८४मध्ये भागीदाराच्या लबाडीने ग्रँटची पेढी बुडाली आणि तो कफल्लक झाला. घशाचा कर्करोग झालेला असताना, बायकोमुलांच्या पोटापाण्याची सोय व्हावी म्हणून तो आठवणी लिहीत बसला. त्या संपवल्यावर थोड्याच दिवसांत, २३ जुलै १८८५ला, तो वारला. मार्क ट्वेनच्या प्रकाशन संस्थेने त्या छापल्या आणि विधवा पत्नीला चार लाख डॉलरच्या आसपास मिळाले.

याच आठवणींच्या आधारे लेखातील एक चूक दाखवावीशी वाटते. शरणागतीच्या वेळी लीने तलवार पुढे केली आणि ग्रँटने ती सन्मानाने परत केली, असा प्रसंग लेखात रंगवला आहे. तसे काही घडलेच नाही. तलवारीची ही कथा म्हणजे निव्वळ कल्पित आहे, असे ग्रँटनेच स्पष्ट लिहिले आहे. अधिकाऱ्यांनी आपली व्यक्तिगत शस्त्रे जवळ ठेवावीत, हे कलम शरणागतीच्या मसुद्यात होते, त्यामुळे तलवार देण्याघेण्याचा प्रश्नच नव्हता. त्या दिवशीची सफरचंदाच्या झाडाची गोष्टही अशीच फुगलेली. शरणागती त्या झाडाखाली नव्हे, एका घराच्या दिवाणखान्यात झाली. तरी सैनिकांनी ते झाड तोडून आठवण म्हणून त्याचे तुकडे नेले.

लीचा दुसरा गाजलेला सेनानी ‘स्टोनवॉल’ जॅक्सन याचे तसे बरे झाले, असे कठोरपणे म्हणावे लागते. २ मे १८६३ला चान्सलर्सव्हिलच्या लढाईत अंधारात त्याच्याच सैनिकांच्या गोळ्या त्याला लागल्या, डावा हात कापावा लागला आणि १० मेला न्यूमोनियाने तो गेला. तो हात वेगळा पुरलेला आहे. दोन महिन्यांनी गेटिसबर्ग झाले आणि ‘जॅक्सन असता तर’ हे पालुपद सुरू झाले ते आजतागायत. पराभव पाहायला आणि त्यानंतर कोणती बाजू घ्यायची हे ठरवायला तो उरलाच नाही, म्हणून त्याची कीर्ती अबाधित राहिली. पिकेटच्या कीर्तीला त्याची बायको वारसदार लाभली. तिने नवऱ्याची म्हणून छापलेली प्रेमळ पत्रे बरीचशी तिनेच लिहिली असावीत, असे अभ्यासक मानतात. फेब्रुवारी १८६४मध्ये किन्स्टनला, शत्रूला जाऊन मिळालेले आपले बावीस माजी सैनिक त्याने फासावर चढवले आणि युद्धानंतर खटल्याच्या भीतीने तो कॅनडात पळाला, ही बाजू त्या हळुवार प्रतिमेत बसत नाही.

सगळ्याच दंतकथा टाकाऊ असतात असे मला म्हणायचे नाही. जोसेफ जॉन्स्टन या दक्षिणी सेनापतीची कथा पुष्कळशी खरी आहे. उत्तरेच्या ज्या सेनापती शर्मनला तो १८६५मध्ये शरण गेला, त्याच्याच अंत्ययात्रेत फेब्रुवारी १८९१मध्ये तो मानकरी म्हणून कडाक्याच्या थंडीत बोडक्या डोक्याने उभा राहिला. वय चौऱ्याऐंशी. कोणीतरी टोपी घालायला सांगितले, तर त्याच्या जागी मी आणि माझ्या जागी तो असता, तर त्यानेही घातली नसती, असे तो म्हणाल्याचे सांगतात. त्यालाही न्यूमोनिया झाला आणि मार्चमध्ये तो गेला. संवाद कदाचित पुढच्यांनी सुबक केला असेल, पण तारखा पक्क्या आहेत.

आता विनंती. लेखाच्या शेवटी ‘क्रमशः’ असे छापले आहे, तेव्हा पुढच्या भागात जॉर्ज थॉमसला जागा मिळावी. हा लीसारखाच व्हर्जिनियाचा. ली राज्याच्या बाजूने गेला, थॉमस देशाच्या सैन्यात राहिला. बहिणींनी त्याचे नाव टाकले. १८६३मध्ये चिकामॉगाच्या लढाईत त्याने उत्तरेच्या उधळलेल्या फौजेची पाठ राखली आणि डिसेंबर १८६४मध्ये नॅशव्हिलला दक्षिणी सेनापती हूडचे सैन्य मोडून काढले. आत्मचरित्र त्याने लिहिले नाही, आणि १८७०मध्ये, लीच्याच वर्षी, तो गेला. आपल्या लेखात त्याचे नाव एकदाही आलेले नाही. लाँगस्ट्रीटबद्दलची दुरुस्ती छापायला जागा अपुरी पडत असेल, तर तलवारीची तेवढी छापावी.

आपला,
एक नियमित वाचक