लाल दिव्याची वीज

महोदय,

रिमोटचे बटण दाबले की टीव्ही बंद झाला असे आपण मानतो. परंतु लाल दिवा जळत असेतो तो वीज घेतच असतो आणि सेट टॉप बॉक्स तर पडदा काळा झाल्यावरही बहुधा जवळजवळ पूर्वीइतकीच वीज खातो. घरातील अशी उपकरणे मिळून केवळ १० वॅट घेत असली, तरी वर्षाला सुमारे ८८ युनिटे होतात. गोव्याला लागणारी बहुतेक वीज राज्याबाहेरून येते, त्यामुळे ही गळती मला खरोखर अस्वस्थ करते. चतुर्थीला मूळ घरी जाताना आपण गॅस आठवणीने बंद करतो. तसेच (फ्रिज वगळून) भिंतीवरची बटणेही बंद करावीत. वीज खात्याने बिलामागे ही सूचना छापावी, अशी विनंती आहे.

– एक वाचक, म्हापसा