भंगारातला किरणोत्सर्ग आणि गल्लीतला डॉक्टर

संपादक महोदय,

किरणोत्सर्गाच्या बाधेचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा चेर्नोबिलच्या अणुभट्टीतील अपघातापासून सुरू होते आणि आयोडीनच्या गोळ्यांवर येऊन थांबते. प्रत्यक्षात असा रुग्ण अणुभट्टीपासून कोसो दूरही सापडू शकतो. दिल्ली विद्यापीठात १९८५पासून पडून असलेले गॅमा किरणांचे उपकरण २०१०मध्ये लिलावात विकले गेले, दिल्लीतल्याच मायापुरीच्या भंगारवाल्यांनी ते फोडले आणि आतले किरणोत्सारी कोबाल्ट-६० उघड्यावर आले. एकाने तर त्याचा तुकडा पाकिटात घालून ठेवला होता. सात जण रुग्णालयात दाखल झाले, त्यांतील एक दगावला.

सर्वांगाला थोड्या वेळात एक ग्रेपेक्षा (ग्रे म्हणजे शरीराने शोषलेल्या किरणोत्सर्गाचे एकक) जास्त मात्रा मिळाली, तर काही तासांत मळमळ व उलट्या सुरू होतात आणि मग रुग्णाला चक्क बरे वाटू लागते. हाच काळ फसवा, कारण अस्थिमज्जेतील नव्या रक्तपेशींची निर्मिती तेव्हाच मंदावलेली असते. पुढे काही आठवड्यांत पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट घसरून ताप, जंतुसंसर्ग व रक्तस्राव उद्भवतो. उलट्या किती लवकर सुरू झाल्या आणि पहिल्या दोन दिवसांत लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) किती झपाट्याने घटले, यावरून मात्रेचा अंदाज बांधता येतो. त्यासाठी लागते ती साधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, मात्र काही तासांच्या अंतराने पुन्हा पुन्हा केलेली.

या आजारावर उतारा नाही, पण उपचार आहेत. उपचारांविना साडेतीन-चार ग्रेला निम्मे रुग्ण दगावतात. जंतुसंसर्गापासून जपणूक, प्रतिजैविके, रक्तघटक आणि पांढऱ्या पेशी वाढवणारे फिल्ग्रास्टिम वेळेवर मिळाल्यास त्याहून मोठी मात्राही निभावते. अस्थिमज्जारोपणाचा मात्र फार गवगवा होतो, चेर्नोबिलनंतर ते तेरा जणांवर केले गेले, पण त्याचा फारसा लाभ दिसला नाही. आयोडीनची गोळी फक्त थायरॉइडला किरणोत्सारी आयोडीनपासून वाचवते, कोबाल्टपुढे ती निरुपयोगी आहे.

अणुऊर्जा नियामक मंडळाचे मुख्यालय अणुशक्तीनगरात आहे आणि कुर्ल्याचा भंगार बाजार तिथून फार लांब नाही. मंडळाने अशा बाजारांभोवतीच्या दवाखान्यांना या लक्षणांचे एक पानी मराठी-हिंदी टिपण द्यावे. भाजल्याचे आठवत नसताना कातडी काळवंडली आहे आणि मध्यंतरी उलट्याही होऊन गेल्या आहेत, असा माणूस समोर आला, तर मलम लिहून देण्याआधी तो काम काय करतो हे विचारायचे आणि त्याच दिवशी सीबीसी करायची, एवढे जरी त्यात असले तरी पुरे.

– एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी, चेंबूर, मुंबई