मुलांना मूळ कागद पाहू द्या

जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांच्या चरित्राचा शोध घेणाऱ्या शाळकरी मुलांविषयीचे वृत्त वाचून मनापासून आनंद झाला. नानांची ओळख बहुतेकदा १८५३च्या बोरीबंदर-ठाणे रेल्वेपाशीच थांबते. मुलींच्या शाळेसाठी त्यांनी गिरगावातल्या आपल्या वाड्यात जागा दिली, तीही लोकांची टीका सोसून, हे कितीजणांना ठाऊक असते? मात्र इंटरनेटवरची माहिती उतरवून काढणे म्हणजे संशोधन नव्हे. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत राज्याचे पुराभिलेखागार आहे. नानांच्या काळातले सरकारी दप्तर तिथे जपलेले आहे. पुराभिलेख संचालनालयाने महिन्यातला एक शनिवार शाळांसाठी राखून ठेवावा आणि मोडी वाचणारा जाणकार मुलांच्या सोबतीला द्यावा.

– एक निवृत्त शिक्षिका, गिरगाव, मुंबई