पाणी कुठवर आले?

नाशिक,
१४ ऑगस्ट

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

कादंबरीचे काय झाले, असे तू मागच्या पत्रात विचारले होतेस. खर्डा पुरा होऊन आता दुरुस्ती चालू आहे, आणि या दुरुस्तीत जे हाती लागले ते तुला सविस्तर सांगितल्यावाचून राहवत नाही.

कथानक तुला ठाऊक आहेच : घंगाळे आणि बंब घडवणारे तांबटाचे घर, स्टीलच्या भांड्यांपुढे मागे पडलेला धंदा, आणि २००८ च्या सप्टेंबरातील महापुरानंतर दोघा भावांत झालेली वाड्याची वाटणी. कादंबरी वाटणीची आहे असेच मी खर्डा लिहिताना धरून चाललो होतो, आणि तसे धरले नसते तर तो पुरा झालाही नसता.

गेल्या महिन्यात आजीची बोली सर्वत्र सारखी राहावी म्हणून मी केवळ तिचे संवाद एकापाठोपाठ एक वाचत गेलो. ती पुन्हापुन्हा एकच विचारते : "गंगेला पाणी कुठवर आलं?" आपल्याकडे गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, पुराचे माप नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरच घेतात, हे तुला सांगायला नको. नातू गंगापूर धरणातून सोडलेल्या पाण्याचा क्युसेकचा आकडा वाचून दाखवतो. तो आकडा खरा असतो, पण आजीला त्यातून काहीच कळत नाही. तिला मारुती हवा असतो, आणि मारुतीविषयी मात्र तिला कोणीच खरे सांगत नाही. पाणी छातीला लागलेले असताना मुलगा म्हणतो, "कमरेच्या खालीच आहे, आई."

मग इतरांचे संवाद वाचले. वडिलांनी कारखाना गहाण टाकला आहे, आणि धाकट्याला ते "थोडी उसनवारी आहे" एवढेच सांगतात. थोरला वडिलांच्या आजाराचे नाव त्यांच्यापासून लपवतो. आत्या सासरहून कायमची परत आली आहे, पण सणासाठी आले म्हणते. सुधाकर, यांपैकी काहीही मी ठरवून लिहिलेले नव्हते. त्या घरातला प्रत्येक जण मायेपोटी पाणी थोडे खाली सांगतो, आणि पूर उंबऱ्याशी येतो तेव्हा एकाचीही तयारी झालेली नसते. भांड्यात पाणी भरून गळती तपासल्याशिवाय ते गिऱ्हाइकाच्या हाती न देणारा माणूसही घरात तेच करतो. धाकट्याचे भांडण हिश्श्यासाठी नव्हतेच. खरे ऐकण्याच्या लायकीचा आपल्याला कोणी समजले नाही, हे त्याचे दुःख होते, आणि वाटणी हा त्याचा केवळ शेवट होता.

हे उमगल्यावर दुरुस्तीची दिशाच बदलली. वाटणीच्या बैठकीतील वडिलांचे लांबलचक भाषण मी पूर्ण काढून टाकले. पूर्वी कोपऱ्यात उभी असलेली आत्या पुढे आली, कारण सर्वांची लपवणूक ठाऊक असलेली ती एकटीच आहे. उलट, नातीच्या तोंडी हा सारा अर्थ उलगडून सांगणारे एक वाक्य सुचले होते. ते सुंदर होते, आणि म्हणूनच ते खोडताना हात अडखळला. पण आशय पात्राने बोलून दाखवला की वाचकाला शोधायला काही उरत नाही, असे माझे ठाम मत आहे. जे मला संवाद चाळताना सापडले, ते त्यालाही तसेच सापडावे.

एक गाठ अजून सुटलेली नाही. आजीला सुरुवातीपासून सर्व ठाऊक होते, आणि एखाद्याने तरी खरे सांगावे म्हणून ती विचारत राहिली, असे आता मला वाटते. वाचकाला ते पुराच्या रात्री कळू द्यावे की वाटणीनंतर, याचा निर्णय होत नाही. दोन्ही प्रकारे लिहिलेले प्रकरण सोबत पाठवत आहे. सवडीने वाच, आणि तुला जे वाटेल ते काहीही कमी न करता कळव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
माधव